पुढची डावी कडी

मंगळवारच्या ऑपरेशनचं नक्की झालं त्याच संध्याकाळी दादांनी स्वतःच्या शवपेटीसाठी फळ्या निवडल्या, आणि रविवारी सगळे उपासनेहून परतले तेव्हा तिचं पॉलिश वाळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाचं असलं तरी ऑपरेशन नेहमीचंच आहे. दादांचा शवपेट्या करण्याचा धंदाही नेहमीचाच होता, त्यामुळे त्या शब्दाने त्यांना विशेष धीर आला नाही.

"छान झालीय," माई म्हणाल्या. लग्न झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे एक कपाट मागितलं होतं. ते अजून व्हायचं होतं.

"दारातून निघेल ना?" धाकट्याने विचारलं. तो वडिलांच्या हाताखाली कारखान्यातच काम करायचा आणि शक्यतो वडिलांना उत्तर ठाऊक असेल तेच प्रश्न विचारायचा.

"दारातून निघेल. जिन्यात वळणार नाही. म्हणून इस्पितळातून आलो की मी खालीच झोपणार आहे."

घर वर होतं, कारखाना खाली. रविवार असल्याने रंधे आणि पटाशा भिंतीवर जागच्या जागी टांगलेल्या होत्या, आणि मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ती शवपेटी होती. तिला सहा पितळी कड्या, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. पुढची डावी कडी दादांनी दोनदा पुसली होती.

या घरातल्या माणसाला घरच्यांनी उचलायचं नाही, हा दंडक दादांच्या आजोबांपासूनचा. आजोबा येशूच्या मागे गेले तेव्हा त्यांच्या भावकीने दार लावून घेतलं, आणि ते वारले तेव्हाही ते उघडलं नाही. लाकडाच्या वखारीतल्या सहा दोस्तांनी त्यांना दफनभूमीत नेलं. तेव्हापासून इथे मेलेल्याला मित्र नेतात आणि घरचे मागून रिकाम्या हातांनी चालतात. दादा त्याचं कारण सांगायचे ते असं: नातेवाइकाला यावंच लागतं. मित्र नाही आला तर त्याला कोणी जाब विचारत नाही. तरी तो आला, तर तो आपला.

त्यामुळे घरात जो तो कळता झाला की आपले सहा ठरवून ठेवायचा. दादांच्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या, सहाही बायका होत्या, सगळ्या तिच्या गायनमंडळातल्या. तालमीला उशिरा येते म्हणून त्यातली एक तिने मध्यंतरी कमी केली होती. थोरला मुलगा भूगोल शिकवायचा, त्याला घरचेही मास्तरच म्हणत. धाकटी सून लग्न होऊन या घरात आली तेव्हा मास्तरने तिला विचारलं होतं, "तुझे सहा कोण?" रक्तगट विचारावा तसं. तिने मनात दोघींची नावं घेतली. दोघी परगावी होत्या, आणि त्यातल्या एकीने तिच्या शेवटच्या फोनला उत्तर दिलं नव्हतं. "ठरवतेय," ती म्हणाली होती. आता तिच्या कडेवर बाळ होतं आणि ती अजून ठरवतच होती.

*

चहाच्या वेळेला दादांचे पाच जण आले. प्लंबर, शिंपी, पोस्टमन, बेकरीवाला आणि चर्चचा राखणदार. पाचही जण उपासनेच्या कपड्यांत होते आणि पाचही जणांनी शवपेटीचं कौतुक केलं, कारण दुसरं काय करायचं ते कोणाला सुचेना.

कारखान्याची रीत अशी की कुठलीही शवपेटी बाहेर जाण्याआधी तिच्यात वाळूच्या गोण्या भरायच्या, सहा माणसांनी ती उचलायची आणि वर पाणसळ ठेवून पाहायची. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर राहिला तर कड्या बरोबर बसल्या. दादांनी आजवर कोणालाही वाकडं पाठवलं नव्हतं.

"गोण्या आणू?" धाकट्याने विचारलं.

"वाळू कशाला? मी आहे की," असं म्हणून दादा बूट काढून आत आडवे झाले. पाणसळ त्यांनी छातीवर ठेवली. "उचला."

"पुढे डावीकडे कोणी नाहीये," प्लंबर म्हणाला.

"दिसतंय मला."

"मी धरतो," मास्तर म्हणाला.

"तू माझा मुलगा आहेस," दादा आतून म्हणाले. हा नकार आहे हे कळायला मास्तरला एक क्षण लागला.

पाच जणांनी उचललं. प्लंबर उंच होता, आणि पुढे त्याच्या जोडीला त्याच उंचीचा माणूस असता तर काही झालं नसतं. तसा माणूस नव्हता. बुडबुडा एका टोकाला गेला, पाठोपाठ दादा घसरून दुसऱ्या टोकाला गेले, आणि त्यांचं डोकं फळीवर आपटल्याचा आवाज झाला. धाकटीने बाळाचं डोकं हाताने झाकलं, जणू ते त्याचंच आपटलं होतं.

"ठेवा खाली," दादा म्हणाले.

दर रविवारी साधारण याच सुमाराला समोरच्या चर्चमधून ऑर्गनच्या सरावाचा आवाज यायला लागायचा, आणि तो आला की दादा उठून कारखान्याची खिडकी लावायचे. आज आवाज आला तेव्हा ते शवपेटीत होते. खिडकी उघडीच राहिली.

ऑर्गनची एक अख्खी ओळ सगळ्यांनी ऐकली. मग शिंप्याने सांगितलं की त्याच्या घरी पाहुणे येणार आहेत, आणि पोस्टमनने सांगितलं की त्याच्याही.

"लांब जाऊ नका," दादा म्हणाले. "मी माणूस शोधतो."

*

वर स्वयंपाकघरात बैठक भरली. दादा खालीच राहिले. फळीवर डोक्याचा डाग पडला होता, तो घासून काढायचा होता.

"मधल्या दोन कड्या पुढे सरकवता येतील," धाकटा म्हणाला.

"कड्यांचा प्रश्न नाहीये," माई म्हणाल्या. "त्यांनी ती जागा कोणासाठी रिकामी ठेवलीय ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. समोर वाजवतोय तो."

ऑर्गनवाला आणि दादा शाळेपासूनचे मित्र. पुढची डावी कडी पहिल्यापासून त्याची होती. मग चर्चच्या वर्धापनदिनाला पाळकसाहेबांनी दादांना एकट्याने गीत गायला सांगितलं, आणि दादा आनंदाने सराव करू लागले. ऑर्गनवाल्याने तो सराव ऐकला, ऑर्गनचं झाकण बंद केलं आणि म्हणाला, "सुतारा, तू बेसूर गातोस. पहिल्यापासून. घोळक्यात खपून जायचं. एकट्याने गायलास तर लोक हसतील, आणि ते मला बघवणार नाही." दादा घरी आले आणि त्यांनी एकेकाला विचारलं, मी बेसूर गातो का? एकेकाने सांगितलं, छे, काहीतरीच. तेव्हापासून दादा चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचे, आणि ऑर्गनवाल्याशी त्यांचं बोलणं बंद होतं.

"आपण तेव्हाच खरं सांगायला हवं होतं," माई म्हणाल्या.

"तेव्हा नाही सांगितलं, ते आता सांगायचं?" आत्या म्हणाली. "परवा त्याची छाती उघडणार आहेत. हृदय नीट झालं की सांगू."

"आणि नाही झालं तर?"

आत्याने कपातल्या चहाकडे पाहिलं. गायनमंडळ तिच्या हातात होतं, आणि भाऊ गायचा थांबल्यापासून ते पुष्कळ सुधारलं होतं. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्या भांडणात तिने काही केलं नाही एवढंच. ते मिटवण्यासाठीही काही केलं नाही.

"मला वाटतं डॉक्टरांना विचारावं," मास्तर म्हणाला.

"काय विचारणार? माणूस बेसूर आहे हे त्याला सांगावं का?"

"तशा शब्दांत नाही."

"त्यांना मित्र हवाय आणि आपण त्यांना कौतुक देतोय," माई म्हणाल्या. "इतकी वर्षं तेच वाढतोय. पोट भरेल कसं?"

धाकट्याने एक कडी खरोखर सरकवता येईल का याचा मनात हिशेब केला. मग आत्याने ताटलीत चहाचा कप ठेवला आणि तो धाकटीकडे सरकवला. "तू नेऊन दे. तुझ्यावर तो चिडत नाही. आणि काही बोलू नकोस."

*

जिना उतरताना धाकटीने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हातात चहा, कडेवर बाळ. बाळ झाल्यापासून प्रत्येक जिन्यावरून आपण वरपासून खालपर्यंत पडल्याचं तिला आधी दिसायचं, मग ती उतरायची. दादा काचकागदाने फळी घासत होते. तिने आधी त्यांच्या ओठांचा रंग पाहिला. ठीक होता.

"वर काय ठरलं?"

"काही नाही ठरलं."

"माझ्याबद्दल बोलताना यांचा आवाज बारीक होतो," दादा म्हणाले. "ऐकू येत नाही, पण कळतं." त्यांनी काचकागद उलटा केला. "तू बाहेरून आलीस या घरात. मी एक विचारतो. मी गायला लागलो की बाळ रडतं."

"हो."

"तुम्ही सगळे म्हणता, त्याला भूक लागली असेल."

"आम्ही म्हणतो तसं."

दादा घासत राहिले. बारीक भुसा त्यांच्या हातावर बसत होता.

"म्हणजे भूक नसते."

धाकटीला वरच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी जिन्याशी येऊन थांबलं होतं. तिला वाटलं, आता नाही म्हटलं तर उद्या बाळालाही आपण असंच वाढवू, गोड गोड. आणि हो म्हटलं आणि यांना इथेच काही झालं, तर ते आयुष्यभर माझ्या नावावर.

"नसते, दादा," ती म्हणाली. "तेव्हा त्याचं नुकतंच दूध झालेलं असतं बहुतेक."

तिने पुन्हा त्यांचे ओठ पाहिले. रंग तोच होता. दादांनी चहा घेतला, पूर्ण संपवला, कप भुशात ठेवला आणि जिना चढायला लागले. ती मागून चढली. ते पडले तर कसं धरायचं हे तिला माहीत नव्हतं, पण ती मागे होती.

*

"एकेकाने सांगा," दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. "मास्तर."

"सूर ही तशी सापेक्ष गोष्ट आहे, दादा."

"उत्तर दिशा सापेक्ष आहे का?"

"नाही."

"मग?"

मास्तरने चष्मा काढला. "बेसूर आहात."

"धाकट्या."

"करवत चालू असली की काही कळत नाही."

"आणि बंद असली की?"

"तुम्ही गायला लागलात की मी चालू करतो."

दादांना आठवलं की कापायचं काही नसतानाही कधीकधी करवत चालू असायची. त्यांना तो मुलाचा उत्साह वाटायचा. ते बहिणीकडे वळले.

"मला विचारू नकोस," आत्या म्हणाली. "मी तुला गायनमंडळात खांबाच्या मागे का उभा करायची?"

"तू म्हणालीस माझा आवाज भारदस्त आहे. खांबाने सौम्य होतो."

"नाही व्हायचा."

दादा खुर्चीवर बसले. सगळे त्यांच्या छातीकडे बघत होते. ती नेहमीसारखी वरखाली होत होती.

"मला नाही विचारलंत," माई म्हणाल्या.

"तुला तरी आवडायचं."

"मला तुम्ही आवडायचात. गाणं तुमच्याबरोबर आलं होतं."

दादांनी यावर विचार केला. खालून, उघड्या खिडकीतून, ऑर्गन ऐकू येत होता. मग तो गाण्याच्या मध्येच थांबला.

"माझे बूट खालीच आहेत ना?" दादा म्हणाले आणि उठले.

*

ऑर्गनवाला नुसत्या मोज्यांत बसला होता. ऑर्गनच्या पायाने दाबायच्या पट्ट्या नीट कळाव्यात म्हणून तो बूट काढूनच वाजवायचा. चर्च रिकामं होतं, बाक पुसलेले होते. त्यातले पुढचे दोन दादांनी केले होते.

"कोण आहे?" त्याने मागे न वळता विचारलं.

"पाऊल ओळखलं नाहीस?"

"ओळखलं. विचारायची पद्धत असते."

दादा पहिल्या बाकावर बसले. बाक थोडा करकरला, ते त्यांनी लक्षात ठेवलं.

"मी बेसूर गातो."

"हो."

"घरचे सगळे म्हणतायत."

"आत्ता?"

"आत्ताच."

ऑर्गनवाला वळला. "मला वाटायचं तुला ठाऊक आहे, आणि राग त्याचाच आहे."

"राग तू खोटं बोललास म्हणून होता. आता कशाचा ते बघावं लागेल." दादांनी गुडघे चोळले. "एकदाही आला नाहीस घरी."

"तू खिडकी लावायचास."

"ती तुला दिसायची?"

"इथून तेवढंच दिसतं. दर रविवारी मी वाजवायला बसायचो आणि बघत राहायचो. खिडकी लागली की कळायचं, सुतार घरी आहे, चालताफिरता आहे, अजून चिडलेला आहे. मग मी निवांत वाजवायचो." त्याने ऑर्गनचं झाकण ओढलं. "आज लागली नाही. मला पुढचं सुचेना."

"मी शवपेटीत होतो."

"असं," ऑर्गनवाला म्हणाला.

"तशी तयारी म्हणून. मंगळवारी ऑपरेशन आहे."

"पोस्टमन बोलला. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतोय. ती करायला तुझी परवानगी लागत नाही."

"पुढच्या डाव्या कडीला माणूस नाही. प्लंबरला तुझ्याच उंचीची जोडी लागते."

"उंचीसाठी आलास?"

दादांनी बाकाची कड चाचपली. "नाही," ते म्हणाले.

"मग उचलतो. पण मंगळवारी मी इस्पितळात बाहेर बसणार, आणि तू घरी आलास की रोज येणार."

"उचलायचं मेल्यावर असतं. आमच्यात तसंच आहे."

"पाळकसाहेब त्या चौघांची गोष्ट सांगतात ना," ऑर्गनवाला म्हणाला. "मित्राला खाटेवर घालून आणलं, गर्दीतून वाट मिळेना, म्हणून छप्पर उघडून त्याला प्रभूच्या पुढ्यात सोडला. ती झाली की दर वेळी तू हात वर करतोस आणि विचारतोस, ते छप्पर मग नीट कोणी केलं?"

"कोणी सांगितलंच नाही अजून."

"खाटेवरचा माणूस जिवंत होता, सुतारा."

दादांनी ती खाट डोळ्यांपुढे आणली. चार कोपरे, चार दोर, चौघांनी सारखेच सोडलेले, नाहीतर तो घसरला असता. त्या माणसाकडे त्यांनी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. ते छपराकडे बघत राहिले होते.

"आणि छप्पर?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच केलं असणार. फोडलं होतं त्यांनी," ऑर्गनवाला म्हणाला आणि बाकाखाली बूट शोधू लागला.

*

"दोघं येतायत," धाकटी खिडकीशी उभी राहून म्हणाली. ती मघापासून तिथून हललेली नव्हती. "सावकाश चाला म्हणावं. रस्ता ओलांडताना बोलतायत दोघं."

"भांडतायत?" आत्याने विचारलं.

"हात हलवून काहीतरी दाखवतायत. खाटेसारखं."

आत्या तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाळाने तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं, ते तिने काढलं नाही.

"काही बोलू नकोस म्हणाले होते मी तुला."

"हो, आत्याबाई."

"घरच्यांना आपल्यात चालत नाही, काय करणार," आत्या बाहेर बघत म्हणाली. "नाहीतर तुला मी माझ्या सहांत घेतली असती. एक जागा आहे."

धाकटीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आपण बसून तरी बोलत जाऊ," ती म्हणाली. "मधूनमधून."

"तालमीनंतर ये. उशीर करू नकोस."

प्लंबर कोपऱ्यावरच होता. बाकीच्यांचे पाहुणेही आले नव्हते. दादांनी बूट काढले, शवपेटीत आडवे झाले आणि पाणसळ छातीवर ठेवली. ऑर्गनवाल्याने पुढची डावी कडी धरली. ती दोनदा पुसली आहे हे त्याच्या बोटांना कळलं, पण तो तसं काही बोलला नाही. घरचे भिंतीशी उभे राहिले, रिकाम्या हातांनी. फक्त धाकटीच्या कडेवर बाळ होतं.

सहा जणांनी उचललं. कोणीही कोणाकडे पाहिलं नाही. दादांनी मान न हलवता डोळे खाली वळवून पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा थोडा हलला, सरकला, आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला.

"बरोबर आहे," दादा म्हणाले.

"मग ठेवतो," प्लंबर म्हणाला.

"थांबा जरा." दादांना वर सहा चेहरे दिसत होते, आणि त्यांच्या मागे घरचे. एवढे सगळे आपल्याकडे एकदम बघतायत असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं, आणि ते जिवंत असताना झालं होतं. त्यांना बरं वाटलं. त्यांनी घसा साफ केला. "गाऊ का थोडं?"

"नको," सगळे म्हणाले.

कोणी एकमेकांची वाट पाहिली नाही, कोणी आवाज बारीक केला नाही. दादा तसेच पडून राहिले आणि हसले, इतकं की पाणसळ हलली. ऑर्गनवाल्याने कडीवरची पकड घट्ट केली.